ओटी, ओसरी, पडवी की ‘एन्गावा’?

पागोळी

गेले काही महिने मी एका जपानी आजींच्या बालपणीच्या आठवणी मराठीत आणते आहे आणि एका साध्या वाक्यापाशी चार दिवस अडून बसले आहे. शेजारची म्हातारी पालेभाजीची जुडी घेऊन येते, पुढच्या दाराकडे न जाता अंगणातून थेट एन्गावापाशी येते, पायांतले न काढता त्याच्या कडेवर टेकते, भाजलेल्या जवाचा गार चहा, म्हणजे मुगिचा, पिते आणि घरात पाऊल न टाकता निघून जाते.

ज्यांनी एन्गावा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. जुन्या जपानी घरात खोल्यांच्या बाहेरच्या अंगाने, बागेकडे तोंड करून, लाकडी फळ्यांची एक अरुंद पट्टी जाते. तिची रुंदी बहुधा तीन शाकू, म्हणजे सुमारे ९० सेंटिमीटर असते. आतल्या बाजूला कागदाची सरकती दारे असतात आणि बाहेरच्या बाजूला रात्री किंवा वादळात ओढून घ्यायची ‘आमादो’, म्हणजे शब्दशः पावसाची दारे. फळ्यांखाली अंगणात एक सपाट दगड असतो; त्यावर पादत्राणे उतरवायची आणि वर चढायचे. फळ्यांवर चप्पल चालत नाही, मात्र कडेवर बसून पाय दगडावर टेकवले तर ती काढावी लागत नाही.

पहिल्या खर्ड्यात मी ‘ओसरी’ लिहिले होते. रत्नागिरीकडे वाढलेल्या माझ्या मावशीने ते वाचले आणि ‘ओसरी देशावरची, आमची ओटी; आणि ओटीवर येणारा माणूस घरात आलेलाच असतो’ असे म्हणून तो शब्द खोडला. तिने ‘पडवी’ सुचवली, तर वडील म्हणाले की आमच्या पडवीत लाकडे आणि नांगर असत, तिथे कोणी चहा पीत नसे. तुम्ही काय लिहाल?

ढाळज

पागोळी, तुमच्या मावशींचा आक्षेप बरोबर आहे, पण मला ओसरीची अडचण वेगळीच दिसते. वाड्यातली ओसरी चौकाभोवती असते, म्हणजे ती घराच्या पोटात असते आणि तिथे बसलेल्या माणसाला आकाश दिसले तरी रस्ता दिसत नाही. एन्गावाचे तोंड बाहेर आहे. आमच्या आजोळी, मिरजेच्या पूर्वेला, घराच्या पुढच्या बंदिस्त भागाला सोपा म्हणत आणि त्याच्याही पुढच्या उघड्या भागाला पडसाळ. कन्नडमध्ये ‘पडसाले’ आहे, त्यामुळे सीमाभागात हा शब्द दोन्ही भाषांत सहज फिरतो. पडवी आणि पडसाळ यांतला ‘पड’ संस्कृत ‘प्रति’पासून आला असावा, असे मला फार दिवसांपासून वाटते, मुख्य शाळेला, म्हणजे दालनाला, लागून असलेली ती प्रतिशाळा. ‘पडसाळ’ लिहून पाहा.

शब्दव्रती

बोलीतले प्रादेशिक शब्द घेतले की अर्धा महाराष्ट्र दुखावतो आणि उरलेल्या अर्ध्याला कळत नाही. यासाठीच प्रमाण शब्द लागतो आणि तो आपल्याकडे आहे. अमरकोशात ‘प्रघाणप्रघणालिन्दा बहिर्द्वारप्रकोष्ठके’ असे स्पष्ट म्हटले आहे. दाराबाहेरची जागा म्हणजे अलिंद. शब्द लहान आहे, नादमधुर आहे, आणि त्याला एका जिल्ह्याची हद्द नाही. वापरायला लागलो की तो आपला होईल. ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ हे शब्दही एके काळी नवेच होते.

वऱ्हाडी पाऊलवाट

शब्दव्रती, ‘दिनांक’ रुजला कारण तो रोज कागदावर लिहावा लागला. अलिंदाचे तसे होणार नाही, कारण ती जागा शाळेत आधीच भरली गेली आहे. आठवीतल्या माझ्या भाचीला ‘म्हातारी अलिंदावर टेकली’ हे वाक्य वाचून दाखवले, तर तिला हृदयाचा वरचा कप्पा आठवला. तिच्या विज्ञानाच्या पुस्तकात अलिंद आणि निलय आहेत.

आमच्याकडे, विदर्भात, याच जागेला छपरी म्हणतात. उन्हाळ्यात दुपारभर छपरीत खाट टाकलेली असे, आल्यागेल्याला आधी पाणी तिथेच मिळे, आणि ज्याचे काम दोन मिनिटांचे असे तो तिथूनच परत जाई. गेल्या काही वर्षांत शहरातली मुले हा शब्द कमी लेखण्यासाठी शिवीसारखा वापरू लागली आहेत, याचे मला मनापासून वाईट वाटते. ज्या जागी माझ्या आजीने गावातल्या निम्म्या बायकांना अक्षरे गिरवायला लावली, तिचे नाव उच्चारताना आता खुलासा करावा लागतो.

सुमिदाकाठी

मी तोक्योत अकरा वर्षे राहतो आहे, म्हणून दोन गोष्टी सांगतो. पहिली अशी की ‘व्हरांडा’ सुचवण्याचा मोह कोणाला झाला तर तो आवरावा. जपानीत ‘बेरांदा’ हा वेगळा शब्द आहे. सदनिकेला जोडलेल्या, छप्पर असलेल्या आणि कपडे वाळत घालायच्या जागेसाठी तो रोज वापरला जातो. माझ्या सदनिकेला बेरांदा आहे, एन्गावा नाही, आणि माझ्या जपानी शेजाऱ्यांच्या मनात हे दोन शब्द कधीच एकमेकांत मिसळत नाहीत.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. जपानी घराची जमीन भुईपासून उचललेली असते. पूर्वी ती दमट हवेमुळे तशी बांधत, आणि १९५०च्या इमारत-नियमांतही लाकडी जमीन, खाली काँक्रीटसारखा ओलावा अडवणारा थर नसेल तर, किमान ४५ सेंटिमीटर उंच असावी असे कलम आहे. पुढच्या दारातून आत गेले की ‘गेन्कान’ लागते. तिथली फरशी अंगणाच्या पातळीला, घराची जमीन मात्र तिच्याहून एक पायरी उंच. जोडे खाली काढायचे, त्यांची टोके दाराकडे वळवून ठेवायची आणि वर चढायचे. म्हणून पाहुण्याला ‘आत या’ म्हणण्याऐवजी ‘आगात्ते कुदासाई’ म्हणतात. ‘आगारु’ म्हणजे चढणे. शब्दशः ‘वर या’.

तुमच्या वाक्यातली म्हातारी चढत नाही. ती टेकते. तुमच्या वाक्याचे सगळे बळ या दोन क्रियापदांच्या अंतरात आहे, नाम कोणतेही घ्या.

खळ्यातला

सुमिदाकाठी यांचे वाचून अंगावर काटा आला. आमच्या मालवणी मुलखात पाहुणा खळ्यात, म्हणजे अंगणात, उभा राहिला की घरातून हाक येते, ‘वर ये मरे, खाली कित्या उबो?’ घर जोत्यावर, जोते दोन-तीन पायऱ्यांवर, आणि पायऱ्या चढले की लोटो, म्हणजे ओटी. त्यामुळे ‘वर ये’ याचा अर्थ घरात ये असाच होतो, आणि भांडण झाले की ‘तुझ्या घराची पायरी चढणार नाही’. मी हे आजवर केवळ आमच्या घरांचे वैशिष्ट्य समजत होतो.

लोट्याच्या कडेवर पाय सोडून बसणे ही आमच्याकडे वेगळी, मान्य असलेली बैठक आहे. मासे विकणारी बाई पाटी पायरीवर ठेवायची आणि कडेला टेकायची. तिला तिथेच चहा मिळे, आणि ती वर आली नाही यात कोणालाच अपमान वाटत नसे. अर्थात कोणाला वर बोलावले जाई आणि कोणाला नाही, यात जातीची गणितेही होती, आणि ती आठवण पुसून नुसता गोडवा सांगणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

सुमिदाकाठी

पायरीवरून आठवले. जपानीत उंबरठ्याला ‘शिकीई’ म्हणतात, आणि त्यावर पाय देऊ नये असे मुलांना आपल्यासारखेच बजावतात. ‘पुन्हा या घराचा शिकीई ओलांडू नकोस’ असे रागावलेला बाप म्हणतो. एखाद्याचे आपण काही देणे लागत असू, किंवा फार दिवस त्याची विचारपूस केली नसेल, तर त्याच्याकडे जायला संकोच वाटतो. त्याला ‘शिकीई उंच झाला’ असे म्हणतात. हल्ली बरेच लोक हाच वाक्प्रचार महागड्या उपाहारगृहाबद्दल ‘आपल्याला न परवडणारे’ अशा अर्थाने वापरतात, आणि त्यावरून तिथेही इथल्यासारखेच वाद होतात.

शब्दव्रती

म्हणजे चुकीचा वापर बहुतेकांनी केला की तो बरोबर होतो, असेच ना? माझा मुद्दा कायम आहे. ‘टेकणे’ उत्तम आहे, पण कशावर टेकली हे सांगावेच लागेल. नाम टाळून अनुवाद होत नाही.

बल्कांव

गोव्याहून लिहिते आहे. आमच्या जुन्या घरांना रस्त्याकडे तोंड केलेला बल्कांव असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बांधीव बैठका असतात, त्यांना सोपो म्हणतात. ढाळज यांचा सोपा म्हणजे एक अख्खी जागा आणि आमचा सोपो म्हणजे बसायचा कट्टा. एकाच शब्दाचे सख्खे भाऊ सह्याद्रीच्या दोन बाजूंना असे वेगळे संसार मांडून बसले आहेत की काय, हे कोणीतरी शोधायला हवे. बल्कांव हा पोर्तुगीज शब्द, तरी तो परका आहे असे माझ्या आईला सांगून पाहा. संध्याकाळी पाव घेऊन आलेल्या पोदेराशी, चर्चमधून परतणाऱ्या शेजारणीशी, सगळ्यांशी तिचे बोलणे तिथूनच चाले. कामाच्या दृष्टीने एन्गावाच्या सर्वांत जवळची जागा हीच आहे, फक्त ती दगडी आहे आणि रस्त्याकडे पाहते, तर जपानी आजींचा एन्गावा बागेकडे.

ढाळज

बागेकडे पाहण्याचा मुद्दा सोडू नये. क्योतोच्या र्योआन-जी मंदिरात मी लाकडी कडेवर तासभर बसलो होतो. समोर पांढरी खडी आणि १५ दगड, आणि कुठेही बसा, एक तरी दगड लपलेलाच राहतो. ती जागा खोलीही नव्हती आणि अंगणही नव्हते. अशी निव्वळ पाहण्यासाठी घडवलेली कड आपल्या घरबांधणीत कुठे होती?

वऱ्हाडी पाऊलवाट

पाहण्यासाठी नसेल, पण ऊन खाण्यासाठी होती. थंडीत सकाळी छपरीच्या कडेला पाठ करून बसायचे, त्याला आम्ही ऊन खाणे म्हणतो. जपानीत यासाठी काही आहे का?

सुमिदाकाठी

आहे, ‘हिनाताबोक्को’, आणि त्याचे चित्र काढायला सांगितले तर जपानी मूल हमखास एन्गावा, आजी आणि मांजर काढील. चंद्र पाहायलाही तिथेच बसतात. तांदळाच्या पिठाचे गोळे आणि गवताचे तुरे मांडून. ती पौर्णिमा बहुतेक वर्षी आपल्या कोजागरीच्या एक महिना आधी येते.

एन्गावातला ‘एन्’ ज्या चिन्हाने लिहितात त्याचा अर्थ कड, आणि माणसामाणसांतला ऋणानुबंधसुद्धा. बौद्ध ग्रंथ चिनी भाषेत नेणाऱ्यांनी संस्कृत ‘प्रत्यय’, म्हणजे निमित्त, या शब्दासाठी हेच चिन्ह वापरले.

शब्दव्रती

ऋणानुबंधाची कड! हे मला ठाऊक नव्हते. हे कळल्यावर ‘अलिंद’ मलाही थोडा कोरडा वाटू लागला आहे, तरी ‘छपरी’ला माझी संमती नाही.

पागोळी

सर्वांचे मनापासून आभार. सध्या मी असे लिहिले आहे: ‘घराला बागेच्या अंगाने लाकडी एन्गावा होता. शेजारची म्हातारी त्याच्या कडेवर पाय सोडून टेकली. आईने दोनदा “वर या” म्हटले, पण ती वर आली नाही.’ प्रकाशकांचे म्हणणे आहे की पहिल्याच पानावर जपानी शब्द नको, म्हणून नामाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. सध्या समासात ‘लोटो’, ‘छपरी’ आणि ‘पडसाळ’ असे तिन्ही शब्द पेन्सिलीने लिहून ठेवले आहेत.

आता पुढची ओळ. निघताना म्हातारी ‘ओजामा शिमाशिता’ म्हणते, म्हणजे ‘मी तुम्हाला अडथळा केला’. इतका औपचारिक शब्द आपली म्हातारी म्हणणार नाही.

खळ्यातला

ती ‘येतंय गो’ म्हणेल. ‘जातंय’ कधीच म्हणणार नाही.

सुमिदाकाठी

घरातून निघताना जपानी माणूसही ‘इत्तेकिमासु’ म्हणतो, म्हणजे ‘जाऊन येतो’. मात्र तो स्वतःच्या घरातून निघताना, दुसऱ्याच्या घरातून नव्हे. त्यामुळे खळ्यातला यांचे ‘येतंय’ मला मनापासून आवडले तरी इथे ते वापरू नये असे माझे मत आहे.

बल्कांव

का वापरू नये? म्हातारी मराठीत बोलते आहे.