मदत हवी आहे: अकोल्याहून आलेल्या बाबांना मुंबईचा दमटपणा सोसत नाहीये

माझे बाबा ७३ वर्षांचे. सगळं आयुष्य अकोल्यात गेलं. आई गेल्यावर तिकडे एकटेच होते, म्हणून मेच्या पहिल्या आठवड्यात त्यांना भांडुपला आमच्याकडे आणलं. निघालो तेव्हा तिकडे ४४ अंश होते, इथे ३४. आता त्यांना जरा बरं वाटेल असं आम्ही धरूनच चाललो होतो. झालं उलटंच.

आज अठरावा दिवस. रात्री दोन-तीनदा उठून बसतात, बंडी पिळून निघावी इतकी ओली. पाठीवर, मानेवर घामोळ्या आल्यात, त्यावर ते खोबरेल तेल चोळतात. जेवण निम्म्यावर आलंय. "तिकडं घाम आला त वायून जाते, इथं त आंगावरच राह्यते," एवढंच म्हणतात. तक्रार करायचा त्यांचा स्वभाव नाही, त्यामुळे हेही ऐकवत नाही.

सामानाच्या टेम्पोतून त्यांनी कूलर आणला. तिकडे तो खिडकीबाहेर लावलेला असायचा, वाळ्याच्या ताट्या, संध्याकाळी घरभर तो वास. इथे सोसायटी खिडकीबाहेर काही लावू देत नाही, म्हणून हॉलमध्ये ठेवला. दोन तासांत फरशी चिकट झाली आणि बाबांचा जीव जास्तच घाबरा झाला. कूलर बंद केला त्या दिवशी ते फार गप्प होते.

दुसरं म्हणजे सकाळी दहा वाजले की उठून सगळ्या खिडक्या लावून घेतात, पडदे ओढतात. तिकडे झळा आत येऊ नयेत म्हणून आयुष्यभर हेच केलंय. बाहेर जाताना डोक्याला दुपट्टा आणि खिशात कांदा. मी अडवत नाही, पण बंद घरात बसून त्यांना त्रास होतोय हे दिसतं.

त्यांना बीपीच्या गोळ्या चालू आहेत, त्यात एक लघवीवाटे पाणी काढणारी. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी द्यावं की नको? एसीची त्यांना सवय नाही, गुडघे धरतात म्हणतात. विदर्भातून इथे आलेल्या कुणी आपल्या म्हाताऱ्या माणसांना पहिले दोन-तीन महिने कसे काढून दिले, ते सांगाल का? आता पाऊसही तोंडावर आलाय.

प्रतिसाद:
ताई, आम्ही यवतमाळचे, ठाण्यात १४ वर्षं. माझ्या आईचं अगदी हेच झालं होतं. कूलर पाणी उडवून हवा गार करतो. कोरड्या हवेत पाणी झटकन उडतं. इथे हवेत आधीच इतकी वाफ की ना कूलरचं पाणी उडत, ना अंगावरचा घाम. म्हणून ३४ अंशही जड जातात. हवामान खातंसुद्धा मैदानी भागात ४० अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार करतं, किनाऱ्यावर ३७ पासूनच.

खिडक्यांचं उलटं करा. दुपारी समुद्रावरून वारं सुरू झालं की समोरासमोरच्या खिडक्या उघडा, पंखा थेट अंगावर घ्या. एसी गार करायला नको, ड्राय मोडवर २६-२७ ला लावा, झोत अंगावर नको. आईचे गुडघे तेवढ्याने दुखले नाहीत. घामोळ्यांवर तेल अजिबात नको, छिद्रं आणखी बुजतात. दिवसातून दोनदा साध्या पाण्याने अंघोळ, अंग नीट कोरडं करून पातळ सुती बंडी. मिठाच्या पाण्याचं मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नका. बीपी आणि ती गोळी, दोन्हींचा प्रश्न आहे. आणि चक्कर आली, बोलणं असंबद्ध वाटलं तर वाट बघू नका, लगेच दवाखान्यात न्या.

धागाकर्ती:
खूप आभार. काल डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी रक्तातलं सोडियम तपासायला सांगितलंय, रिपोर्ट येईपर्यंत मीठ-पाणी बंद, साधं पाणी किती द्यायचं ते लिहून दिलंय. ड्राय मोडवर बाबा रात्री सलग चार तास झोपले. खिडक्यांचं अजून पटलेलं नाही, दहा वाजता आपोआप हात कडीकडे जातो. मी दीड वाजता त्यांच्या खुर्चीजवळची एकच उघडते, तेवढी ते राहू देतात.

आणखी एक विचारायचं राहिलं. त्यांनी तिकडून वर्षाची ज्वारी आणि आईच्या हातच्या कुरडया आणल्यात. कुरडया आत्ताच मऊ पडायला लागल्यात. पावसाळ्यात त्या टिकवायच्या कशा?