बास गिटार कानानं लावायची की ट्यूनरनं?

खर्जवाला, नांदेड
नवी पोरं बास हातात घेतली की आधी क्लिप ट्यूनर (गिटारच्या डोक्याला चिमटून सूर दाखवणारं यंत्र) शोधायलेत. कामून? भीमगीतं, कव्वाली, जिथं पेटी आहे तिथं पेटीच मालक. तिचे सूर मंचावर बदलता येत नाहीत, आणि जुन्या पेटीचा ए ४४० हर्ट्झ या प्रमाण सुरावर असेलच असं नाही. पांढरी सहा (म्हणजेच ए) धरा, भाता एकसारखा ठेवा (जोरात हाणला की सूर किंचित उतरतो) आणि ए ची तार (जाडीकडून चार तारा: ई, ए, डी, जी) त्या सुराला लावा. मग ई चा पाचव्या फ्रेटवरचा (फ्रेट म्हणजे गळ्यावरची आडवी पट्टी) आणि ए चा सातव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून निघणारा सूर) एकत्र वाजवा. आवाजातला डोल (लाटेसारखी वरखाली) थांबला की जुळलं. ए-डी, डी-जी तसंच.

क्लिपवाला, लातूर
डोल पूर्ण थांबवला तिथंच घोळ झाला! सातव्या फ्रेटचा हार्मोनिक शुद्ध पंचम देतो, तो फ्रेटवरच्या पंचमापेक्षा २ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढा. ए पासून निघालात तर ई २ सेंट चढते, डी २ नं उतरते, जी ४ नं. पेटीचं म्हणाल तर मधल्या सप्तकातली पांढरी सहा फोनमधल्या ट्यूनरला ऐकवा. ४४० च्या आसपास जो आकडा येईल तो क्लिपमध्ये ए चा आकडा म्हणून घाला. संपला विषय.

खर्जवाला
मग डोल पूर्ण थांबवू नका. ई-ए मध्ये पाच सेकंदांत एक, ए-डी चारात एक, डी-जी तीनात एक, दोघींतली बारीक तार किंचित चढी. तुमचे सेंट भरून निघतात. क्लिपचं काय सांगता, शेजारी सबवूफर लागला की गिटारचं डोकंच थरथरतं आणि सुई नाचते.

गोदाकाठ, परभणी
दोघंही २ सेंटवर भांडायलात. पाचवा फ्रेट दाबून लावणारे तो आवळून दाबतात, सूर चढतो, पुढची तारही चढी लागते. त्यात यापेक्षा जास्त बिघडतं. बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक आणि तिथंच दाबलेला सूर ताडून बघा. दाबलेला चढा असेल तर ब्रिजवरचं सॅडल (तारेचा टेकू) मागं घ्या, नाहीतर कान काय आणि ट्यूनर काय. तार नेहमी खालून वर चढवत आणा, वरून उतरवून थांबलात तर चावीतली ढिलाई नंतर दगा देते. आणि १४ एप्रिलच्या उन्हात लावलेली बास रात्री गारव्यात चढणारच, पोलाद आखडतं. कार्यक्रमाआधी पुन्हा लावा.

क्लिपवाला
पाच सेकंदांचा डोल ऐकायला पेंडॉल शांत पाहिजे. बाजूला ढोल-ताशा चालू असताना ऐकून दाखवा. सुई नाचते तर पायाखालचा पेडल ट्यूनर घ्या, वायरमधूनच सूर ओळखतो, बाहेर आवाज बंद ठेवता येतो. ई ४१.२ हर्ट्झची, तिथं सुई भटकते. बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक वाजवा, ८२.४ वर ती स्थिरावते.

खर्जवाला
पेडल मान्य. पण दुसऱ्या कडव्यात जी उतरली तर बास बंद करून बसणार का? मोकळी तार टाळायची, दाबलेली किंचित ओढून सूर गाठायचा. ते कानाशिवाय कसं जमेल?

गोदाकाठ
उतरलेली ओढाल. गारव्यात चढलेली ओढून कशी उतरवाल?