पाहुणे नागपूरला आले की तुम्ही त्यांना कुठे नेता?

पुण्या-मुंबईकडचे पाहुणे आले की विचारतातच, "नागपुरात बघण्यासारखं काय आहे?" आणि आपण फुटाळा, झिरो माइल, संत्रा बर्फी एवढं सांगून मोकळे होतो. मला ते फार खटकतं. या शहरात वेळ साधावी लागते. सीताबर्डीचा किल्ला वर्षातून मोजकेच दिवस उघडतो, मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक एकाच दिवशी निघते, आणि मे महिन्यात भर दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. म्हणून प्रत्येकाने आपला अनुभव लिहा: कुठे न्यायचं आणि केव्हा न्यायचं.

सुरुवात मीच करते. मी महाल या जुन्या वस्तीतली. पाहुण्यांना उजाडता उजाडता उठवते आणि शुक्रवारी तलावाच्या बाजूने गांधी गेटमधून पायी आत नेते. हा जुना जुम्मा दरवाजा, भोसल्यांच्या काळातला. पुढे चिटणीस पार्क, बडकस चौक, कल्याणेश्वराचं देऊळ. मधल्या गल्ल्यांत अजून काही वाडे उभे आहेत. त्यांच्या लाकडी खांबांवरचं कोरीवकाम सकाळच्या तिरप्या उन्हात इतकं स्पष्ट दिसतं की हात लावून बघावंसं वाटतं. दहा वाजले की केळीबाग रोडवर दुकानं उघडतात, गाड्या लागतात, मग वर बघायला सवड मिळत नाही.

सदरहून

सकाळची गोष्ट निघालीच आहे तर तर्री पोहे. कस्तुरचंद पार्काकडे जा. पोह्यांवर काळ्या हरभऱ्याची तर्री, म्हणजे तिखट रस्सा, वरून कच्चा कांदा, लिंबू. तर्री संपली की प्लेट पुढे करायची, पुन्हा मिळते. उशिरा उठणाऱ्यांसाठी हे नाही.

तांडापेठेतून

आमचं घर हलबा कोष्ट्यांचं. आजोबा हातमागावर बसायचे, खटखट आवाजातच आम्ही मोठे झालो. सावजी रस्सा आमच्या घरचा, हॉटेलं नंतर निघाली. म्हणून बाहेरचे लोक "लाल तिखट, अंगावर येणारं" एवढंच म्हणून राहिले की वाईट वाटतं. सावजीचा रस्सा लाल नाही, काळपट असतो. धणे, खसखस, सुकं खोबरं, दगडफूल सगळं वेगवेगळं भाजायचं, पाट्यावर बारीक वाटायचं आणि जवसाच्या तेलात तेल सुटेपर्यंत परतायचं. माझी आई मसाला भाजताना कुणाला स्वयंपाकघरात बोलू देत नसे. खसखस क्षणात करपते आणि मग सगळा रस्सा कडू.

पाहुण्यांना मी रात्री नेत नाही, दुपारी नेतो. भाजलेल्या मसाल्याचं जेवण जड असतं, अंगावर यायला वेळ लागतो. सोबत ज्वारीची भाकर, कांदा, लिंबू. आधी भाकरीचा तुकडा रश्श्यात नुसता टेकवा, चव घ्या, मग वाटी तोंडाला लावा. मटण नको असेल तर पाटवडी रस्सा मागा. तोही खरा सावजीच आहे, कमी समजू नका.

इतवारीतून

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इतवारीत या. काळी आणि पिवळी मारबत निघते. ही परंपरा एकोणिसाव्या शतकातली. मागून बडगे नावाचे पुतळे येतात, त्यांच्यावर त्या वर्षीचा राग लिहिलेला: महागाई, भ्रष्टाचार, रोगराई. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" ही आरोळी अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आपटून अंगावर येते. लहान मुलं सोबत असतील तर ओळखीच्या घराची गच्ची आधीच सांगून ठेवा. त्या दिवशी इतवारीत कुणी पाहुण्याला नाही म्हणत नाही.

काटोल रोडहून, संत्र्याविषयी

मे-जूनमध्ये येऊन ताजी संत्री मागू नका. संत्र्याला वर्षातून दोन बहार, म्हणजे दोन हंगाम: आंबिया बहाराची फळं ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत, मृग बहाराची साधारण फेब्रुवारी-मार्चला. हिरवट साल बघून फळ टाकू नका. साल जरा सैल आणि हाताला जड लागलं की घ्या.

लक्ष्मीनगरातून

दीक्षाभूमीला मी पाहुण्यांना दोनदा यायला सांगतो. एकदा साध्या दिवशी, स्तूपाच्या आत शांत बसायला आणि अनुराधापूरहून आणलेल्या रोपाचा बोधिवृक्ष बघायला. आणि एकदा अशोक विजयादशमीला. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथे लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली, त्या दिवशी विजयादशमी होती. आजही खेड्यापाड्यांतून माणसं येतात, मैदानात पथारी टाकतात. पुस्तकांच्या दुकानांसमोर उभे राहा. पदराची गाठ सोडून पैसे काढणारी म्हातारी नातवासाठी पुस्तक घेताना दिसते. स्वतःला वाचता येत नाही, म्हणून दुकानदाराकडून दोन पानं वाचून घेते, मग पैसे देते. नागपुरात याहून मोठं काही बघण्यासारखं आहे असं मला वाटत नाही. गाडी आणू नका, रस्ते बंद असतात. पायी या, गर्दीसोबत चाला.

धरमपेठेतून

मे महिन्यात यावंच लागलं तर सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर फिरा. पारा ४५ च्या वर जातो. डोकं आणि कान दुपट्ट्याने बांधा, पन्हं प्या, दुपार कूलरसमोर काढा. संध्याकाळी मेट्रोने सीताबर्डीहून लोकमान्यनगरकडे निघा, वाटेत अंबाझरी तलाव वरून दिसतो. डिसेंबरमध्ये हवा सुरेख असते, पण विधानसभेचं हिवाळी अधिवेशन असलं की खोल्या मिळत नाहीत. तारखा बघूनच तिकीट काढा.

बर्डीतून

सीताबर्डीचा किल्ला. १८१७ च्या नोव्हेंबरात आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची आणि इंग्रजांची लढाई याच टेकडीवर झाली, आणि नागपूरचं राज्य इथेच हातचं गेलं. आता किल्ला लष्कराकडे आहे. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला लोकांसाठी उघडतात. शाळेत असताना वडिलांनी मला तटावर उभं करून एका बाजूला रेल्वे स्टेशन आणि दुसऱ्या बाजूला बर्डीचा बाजार दाखवला होता. एवढी लहान टेकडी का लढवली गेली, ते तिथे उभं राहिल्यावरच कळतं. मी माझ्या मुलीलाही तिथेच नेऊन दाखवलं. ओळखपत्र जवळ ठेवा, सकाळीच रांगेत लागा. गाडी बर्डीत घालू नका, मेट्रोने झिरो माइलला उतरा. तिथला दगडी खांब आणि चार घोडेही त्याच फेरीत बघून होतात.