जुनी ओम्नी फक्त घाटात गरम होते – इंजिन खोलावं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे २००६ची आठ आसनी मारुती ओम्नी आहे. पेट्रोल, एमपीएफआय (संगणक मोजून पेट्रोल सोडतो ती पद्धत). राहतो पुण्यात, गाव वाईजवळ. आईचे दोन्ही गुडघे दुखतात. ओम्नीचा सरकता दरवाजा पूर्ण उघडला की ती कुणाच्या आधाराशिवाय आत बसते, म्हणून ही गाडी नीट करून वापरायची मनापासून इच्छा आहे.

अडचण अशी: शहरात तापमानाचा काटा मध्यावर असतो, हायवेला सपाटीवरही ठीक. पण साताऱ्याकडे जाताना खंबाटकी चढायला लागलं, त्यात माणसं भरलेली असली, की अर्ध्या घाटात काटा लाल रेघेला टेकतो. येताना बोगद्यातून काहीच त्रास नाही. गावाहून आल्यावर दर वेळी थोडं कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) घालावं लागतं, पण खाली गळती दिसत नाही. ऑइल स्वच्छ आहे, सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. रेडिएटर बाहेरून धुतला, कॅप नवी टाकली, पंखा वेळेवर सुरू होतो.

एक मेकॅनिक म्हणतो हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांमधलं सील) गेलंय, आता खोलतोच आहोत तर रिंगा-पिस्टनही करून टाकू. दुसरा वॉटर पंप म्हणतो. मागे एका गॅरेजवाल्याने "आपल्याकडे कुठे थंडी" म्हणत थर्मोस्टॅटच (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकला होता. नेमकी सुरुवात कुठून करू?

शिवाय सरकत्या दरवाज्याची खालची पट्टी आणि मधल्या सीटखालचा पत्रा सडलाय. फायबर लावून पुटी मारायची की पत्रा कापून नवा वेल्ड करायचा? नोंदणीची मुदतही यंदा संपते. घरात मारुती ईको घेऊ असाही सूर आहे.

प्रतिसाद १

इतक्यात इंजिन खोलू देऊ नका. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली आणि रेडिएटर पार नाकाशी, त्यामुळे कूलंटचे पाइप गाडीच्या पोटाखालून लांबवर जातात. तिथला गंजलेला पाइप किंवा सैल क्लिप दाब आल्यावरच गळते आणि गरम पाइपावर ते पाणी सुकून जातं. जमिनीवर थेंब दिसणारच नाही. इंजिन गार असताना प्रेशर टेस्टरने दाब देऊन ठेवा, टेस्टरचा काटा उतरतो का बघा. गॅस्केटचा संशय असेल तर कूलंटमध्ये एक्झॉस्ट वायू येतो का, ते तपासायचं निळं द्रावण मिळतं. वायू असेल तर ते पिवळं पडतं. या दोन तपासण्या झाल्याशिवाय रिंगा-पिस्टनचा विषयही नको.

माझा खरा संशय रेडिएटरवर आहे. बाहेरून धुऊन आतल्या नळ्या मोकळ्या होत नाहीत. अर्ध्या नळ्या चोंदल्या तरी शहरात निभतं, घाटात लोड आला की उघडं पडतं.

थर्मोस्टॅट परत बसवा. तो नसला की सपाटीवर इंजिन पुरेसं तापत नाही, संगणक जास्त पेट्रोल सोडत राहतो आणि अ‍ॅव्हरेज पडतं. कूलंट भरताना गाडी नाक वर करून चढावर लावा, नाहीतर त्या लांब पाइपांत हवा अडकते आणि सगळं केलेलं वाया जातं. घाटात वेळेवर खालचा गिअर टाका. इंजिनचे फेरे वाढले की पंपही जोरात फिरतो.

प्रतिसाद २

पत्र्याचं आधी बघा, इंजिनचं नंतर. गाडी लिफ्टवर घेऊन मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर जिथे बॉडीला धरलेत तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचा. आत गेला तर या गाडीवर पैसे घालू नका, आईंसाठी ईकोच बरी, सरकता दरवाजा तिलाही आहे. तिथला पत्रा घट्ट असेल तर फ्लोअर कापून नवा पत्रा वेल्ड करा, खालून अंडरबॉडी कोटिंग. फायबरखाली ओल राहते आणि गंज आतल्या आत वाढतो.

नोंदणीचं नूतनीकरण पाच वर्षांसाठी होतं. फॉर्म २५, मुदतीआधी ६० दिवसांच्या आत. वीस वर्षांवरच्या कारचं शुल्क २०२५मध्ये १०,००० रुपये झालंय, पर्यावरण कर वेगळा. वेल्डिंग पासिंगच्या (आरटीओच्या तपासणीच्या) आधी उरका.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. या शनिवारी आधी लिफ्टवर घेतो. हँगर घट्ट निघाले तर लगेच प्रेशर टेस्ट. पुण्यात रेडिएटर उघडून नळ्यांत सळई घालून साफ करणारे जुने कारागीर अजून कुठल्या भागात आहेत? की ओम्नीसाठी सरळ नवा कोअर (रेडिएटरचा नळ्यांचा भाग) घेतलेला परवडेल?