पापड म्हटलं तर अपमान, मोमो म्हटलं तर गंमत?

रामबाग, इंदूर (धागा सुरू करणारी):
आमच्या वरच्या खोलीत मणिपूरची एक मुलगी भाड्याने राहते. रविवारी तिला छप्पन दुकानला, आमच्या इंदूरच्या खाऊगल्लीत घेऊन गेले. खोपरा पॅटिसचा दोना हातात येतोय तोच मागून एक पोरगा ओरडला, ‘ए मोमो!’ तिने वळूनही पाहिलं नाही. दोना माझ्या हातात दिला, ‘आंटी, घर चलते हैं.’ पोरं हे शिकतात कुठे? २०२१मध्ये ‘डान्स दीवाने’त सूत्रसंचालक राघव जुयालने आसामच्या एका लहान मुलीची ओळख ‘मोमो’, ‘चायनीज’ असं बोलत करून दिली. आसामच्या मुख्यमंत्र्यांनी निषेध केला, मग बोंब झाली.

सुदामा नगर:
काकू, अर्धंच सांगताय. मुलीनेच चिनी बोलता येतं असं आधी सांगितलं होतं, थट्टा त्यावरून चालू झाली, असं राघवचं म्हणणं होतं. माफीही मागितली. मला दहावीपर्यंत सगळे ‘कालिया’ म्हणत. काय बिघडलं?

रामबाग:
ती लहान आहे, मोठ्या माणसाने थांबायला नको? आणि तुमच्याही ते अजून लक्षात आहेच की.

लोकमान्य नगर:
२००७ आठवा. ब्रिटनच्या ‘सेलिब्रिटी बिग ब्रदर’मध्ये सहस्पर्धक जेड गुडी शिल्पा शेट्टीला ‘पापडम’ म्हणाली, तेव्हा आपण सगळे पेटलो होतो. तिथल्या टीव्हीवर देखरेख करणाऱ्या ऑफकॉमकडे ४४ हजारांवर तक्रारी गेल्या, प्रायोजक कंपनीने हात काढून घेतला, कार्यक्रम दाखवणाऱ्या चॅनल फोरला दोषी ठरवून तो निकाल त्यांच्याच पडद्यावर दाखवायला लावला. आपल्याला लागलं की वंशद्वेष, आणि ईशान्येच्या पोरीला लागलं की ‘मजाक था भिया’?

सुदामा नगर:
आणि पुढच्याच वर्षी तीच जेड आपल्या ‘बिग बॉस’मध्ये आली, सूत्रसंचालक कोण, तर शिल्पाच! चॅनलवाले भांडणही विकतात, समेटही. सगळ्यात जास्त शिव्या खाल्ल्या त्या गरीब घरातून आलेल्या जेडने. म्हणून म्हणतो, राघवला काय धरता? काय ठेवायचं, काय कापायचं हे एडिटिंगला बसलेले ठरवतात.

रामबाग:
हे मात्र शंभर टक्के पटलं. राघवचा तो भाग काही थेट प्रक्षेपण नव्हता, कापायला वेळ होता. एवढ्या माणसांच्या नजरेखालून गेला आणि एकालाही खटकला नाही, माझा जीव तिथेच तुटतो.
काल आमच्या मणिपूरच्या मुलीला विचारलं, सराफ्याला, रात्रीच्या खाऊबाजारात येतेस? ‘भीड़ कम हो तब’, म्हणाली. सराफ्यात गर्दी कधी कमी असते?