संडे स्कूलला कादंबरीतली गोष्ट चालते का?

संडेस्कूलवाली मावशी, सोलापूर: बायबलमधली उधळ्या पुत्राची बोधकथा काढली की पोरं जांभया देतात. परवा व्हिक्टर ह्यूगोच्या ‘ले मिझराब्ल’ कादंबरीतला बिशप, म्हणजे मोठा धर्मगुरू, सांगितला. त्याच्या चांदीच्या ताटल्या चोरणाऱ्याला पोलीस धरून आणतात, आणि बिशप म्हणतो, मीच दिल्यात की, मेणबत्तीचे स्टँड का नाही नेलेस? सगळे गप्प. एक बारकं म्हणालं, “टीचर, बिशप खोटं बोलला ना?” काय सांगू?

वाचक: बायबलमधलं लूक ६:२९ काढा. अंगरखा नेणाऱ्याला बंडीही नेऊ द्या.

शेंगाचटणी: आमची आई चटणी चोरली तरी उलथनं घेऊन मागं लागायची! पण पोराचा प्रश्न दडपू नका.

मावशी: नाही दडपत. रविवारी या गोष्टीच्या नाटुकल्यात त्यालाच बिशप करते. पितळी स्टँड माझं, आणि परत घरी न्यायचंय हं.