मदत हवी आहे: संत्र्याच्या बुडाशी, खोडात आणि उकिरड्यात निघालेल्या अळ्या कोणत्या?

वरूडचा_बागवान
भारी काळी जमीन, जंभेरी लिंबाच्या खुंटावर कलम केलेली ११ वर्षांची संत्र्याची झाडं. दोन झाडं पिवळी पडून वाळली, पोळ्यानंतर उपटली. बुडाच्या मातीत वीतभर खोल पांढऱ्या जाड अळ्या निघाल्या, हात लागला की मुटकुळं करतात. एक खोड फोडलं तर आत भुसा आणि पिवळसर लांब अळी, पाय दिसत नाहीत. उकिरड्यात तर अंगठ्याएवढ्या आहेत. आंबिया बहारासाठी (हिवाळ्याअखेरचा फुलोरा) तेच शेणखत द्यायचं आहे. दुकानदार म्हणतो, सगळ्या बागेला दाणेदार औषध टाका. टाकू का?

भिंगवाला
भाऊ, थांबा. रंगावरून काही कळत नाही, तिघींचे पाय आणि चाल पाहा.

उकिरड्यातली अळी सपाट जमिनीवर ठेवा. पाय वर करून पाठीवर सरकली, तर ती फुलभुंग्याची. ती कुजका पालापाचोळा खाते, खत बारीक करते, तिला मारू नका. पाठीवर चालत नसेल आणि फार मोठी असेल, तर बहुधा गेंड्या भुंग्याची. तिचा भुंगा नारळ-शिंदीचा शत्रू आहे, संत्र्याचा नाही.

बुडातल्या अळीला पुढे तीन जोड्या पाय असतील. भिंगाने मागचं टोक पाहा. गुदाची चीर तीन फाट्यांची असेल तर हुमणी (मुळं खाणारी अळी) धरा, कारण फुलभुंगा आणि गेंड्या भुंग्याच्या अळीला ती आडवी असते. काळही जुळतो: भाद्रपदात हुमणी पूर्ण वाढलेली असते.

खोडातली बिनपायाची, डोक्यामागे सगळ्यात रुंद, ती लांब शिंगाच्या भुंग्याची, म्हणजे भिरूड. पुढचा भाग चपटा पसरट असेल तर सोनभुंग्याच्या कुळातली. दोन्ही बहुतेक आधीच खचलेल्या झाडात शिरतात. म्हणून झाड तिनेच मारलं असं लगेच धरू नका.

आता खरं काम. उपटलेल्या झाडाची बारीक मुळं चिमटीत धरून ओढा. साल मोज्यासारखी निघून आत दोऱ्यासारखा गाभा राहिला, तर मूळकूज आहे. मुळं कुरतडून तुटलेली असतील, तर हुमणी.

वरूडचा_बागवान
चीर तीन फाट्यांचीच आहे. साल मात्र सरकते आणि बुडाला डिंकही होता. उकिरड्यातली पाठीवर चालते.

काळी_माती
मग दादा, मूळ दुखणं फायटोफ्थोरा, म्हणजे मूळकूज आणि डिंक आणणारा रोग; हुमणी त्यावर आली. दाणेदार औषधाचा मोठ्या हुमणीवर फारसा परिणाम होत नाही, आणि खोडातल्या अळीपर्यंत तर पोचतच नाही.

आधी पाणी साचतं ती जागा चर काढून मोकळी करा. बुडाची माती कलमाच्या जोडापासून खाली ओढा. डिंक खरवडून १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी यांचा बोर्डो मलम खोडाला ३ फुटांपर्यंत लावा. मोरचूद लोखंडी भांड्यात भिजवू नका.

हुमणीसाठी शेजारच्या झाडांच्या घेराखाली फूटभर लांब-रुंद-खोल खड्डे करून अळ्या मोजा. सापडल्या तरच त्या झाडांना मेटारायझियम (अळ्यांना मारणारी बुरशी) द्या, एकरी ४ किलो, ओलसर शेणखतात मिसळून. माती ओली हवी, आणि त्याच दिवसांत बोर्डोची आळवणी (बुडाच्या मातीत ओतणं) नको. ही मित्रबुरशी त्याने मरते. जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर बसलेले भुंगे झाडून रॉकेलच्या पाण्यात टाका. वर्षभरातली ही सगळ्यात स्वस्त आणि कामाची संधी.

उपटलेली लाकडं सरपण म्हणून रचून ठेवू नका. काही भिरूड वाळल्या लाकडातही वाढ पूर्ण करून बाहेर येतात. लवकर जाळा.

भिंगवाला
उभ्या झाडांच्या बेचक्यात भुशाची जाळी लोंबत असेल, तर ती साल खाणारी अळी आहे, वरच्या तिघींहून वेगळी. जाळी काढून छिद्रात तार फिरवा, पेट्रोलचा बोळा घाला, चिखलाने बुजवा.

खात्री करायला अळी नागपूरच्या लिंबूवर्गीय संशोधन संस्थेत न्यायची असेल, तर अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात टाकून मग स्पिरिटमध्ये ठेवा. जिवंत थेट स्पिरिटमध्ये टाकली की काळी पडते आणि ओळख पटत नाही.